बारावी तसबीर कोणाची?

प्रश्न : ताई, आमच्या गिरगावातल्या वाचनालयाच्या भिंतीवर संगीतातल्या बारा मानकऱ्यांच्या तसबिरी लावायचं ठरलंय. अकरा नावं एका बैठकीत ठरली, सगळे गायक आणि संगीतकार. बाराव्या नावावरून मात्र तीन रविवार वाद चाललाय. मी व्हायोलिनवादक आणि अरेंजर (म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ कागदावर मांडणारे) अँथनी गोन्साल्विस यांचं नाव सुचवलं, तर उत्तर मिळालं, ‘वादकांना कोण ओळखतं? उद्या ढोलकीवाल्यापासून कोरसपर्यंत सगळ्यांनाच लावायचं का?’ मुलगा म्हणतो, अमेरिकेत संगीतातल्या मानकऱ्यांचा गौरव करणाऱ्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’वरूनही अशीच भांडणं होतात. तुम्ही अनेक वर्षं कोरसमध्ये गायलात. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमचं नाव योग्य आहे. माघार घेऊ नका.

‘कोण ओळखतं?’ ही कसोटीच मला मान्य नाही. १९४९ सालच्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ रेकॉर्डवर आलं तेव्हा लेबलवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते मधुबालाच्या भूमिकेचं नाव! लताबाईंचं नाव नव्हतंच. तेव्हा कोणी विचारलं असतं, ‘या बाईंना कोण ओळखतं?’ तर काय उत्तर दिलं असतं? गायकांच्या बाबतीत ती रीत लवकर बदलली. अरेंजरची नावं मात्र पुढेही वर्षानुवर्षं लेबलवर आली नाहीत.

अरेंजर काय करतो, हे मी ताडदेवच्या रेकॉर्डिंग हॉलमध्ये उभी राहून पाहिलंय. चाल संगीतकाराची, त्यांनी पेटीवर गाऊन दाखवलेली. पण अंतऱ्याआधी व्हायोलिन कुठवर चढणार, चेलो कुठे थांबणार, गायिकेच्या ओळीमागून बासरी कधी येणार, हे अरेंजर कागदावर मांडायचा. कधी कधी शेवटची पानं तिथेच लिहिली जायची आणि शाई वाळायच्या आत वादकांच्या स्टँडवर जायची. एकदा व्हायोलिनची मंडळी उशिरा पोहोचली. तोवर दोन तास आम्ही नुसत्या पेटी-तबल्यावर तालीम केली. गाणं बरं होतं, इतकंच. मग ती सगळी रांग बसली, पहिला म्युझिक पीस वाजला आणि शेजारच्या मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, ‘अगं, हे तेच गाणं?’ आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. हा माणूस काढून घेतला तर गाणं तसंच राहील का? शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतून त्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा वजा करून बघा. ‘रूप तेरा मस्ताना’मधून केर्सी लॉर्ड यांचा अकॉर्डियन काढून बघा. माझ्या जागी कोरसमध्ये दुसरी उभी राहिली असती तर गाणं तेच राहिलं असतं. म्हणजे ‘सगळ्यांनाच लावा’ असं मी म्हणतच नाही.

गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि या जोडीच्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात ते नाव आलं ते या गुरूच्या आदराखातर. ते गाणं सगळ्यांना पाठ असतं, पण हा माणूस खरोखर होता हे कितीजणांना ठाऊक असतं? १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आपले राग पाश्चात्त्य वाद्यमेळात बसवले आणि लताबाई आणि मन्ना डे यांना त्यात गायला बोलावलं. कार्यक्रम कुठे झाला? धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात. तुमच्या वाचनालयापासून चालत जाता येईल इतक्या जवळ.

मुलगा म्हणतो ते खरंच आहे. त्या हॉल ऑफ फेममध्ये १९८६ साली पहिली नावं गेली, पण साथीच्या वादकांसाठी वेगळा विभाग निघायला २००० साल उजाडलं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत बेस गिटार वाजवणारे जेम्स जेमर्सन तेव्हा आत गेले. ते १९८३ मध्येच वारले होते. त्या हॉल ऑफ फेमचा एक नियम मात्र उचलण्यासारखा आहे : पहिली रेकॉर्ड येऊन पंचवीस वर्षं झाल्याशिवाय नावाचा विचारच करायचा नाही. ताज्या लोकप्रियतेचा धुरळा तोवर खाली बसतो.

ढोलकीचा उल्लेख तुमच्या मंडळींनी चिडून केला असेल, पण मुद्दा बिनतोड आहे. लावणीतून ढोलकी काढली तर काय उरेल? पुढची भिंत मिळाली की तिथूनच सुरुवात करा. आणि तुम्ही अकरा नावं कळवली नाहीत म्हणून विचारते, सुलोचना चव्हाण आहेत ना त्यांत? त्या तर तुमच्या गिरगावातच जन्मल्या. नसतील तर आधी ती यादीच पुन्हा काढा.

तसबिरीखाली नुसतं नाव लिहू नका. ‘अरेंजर’ हा शब्द लिहा आणि अरेंजर म्हणजे कोण, हे शाळेतल्या मुलाला कळेल अशा दोन ओळींत सांगा. येत्या रविवारी बैठकीला स्पीकर घेऊन जा. शंकर-जयकिशन यांचं एखादं गाणं लावा आणि सगळ्यांना सांगा, शब्दांकडे, गळ्याकडे लक्ष देऊ नका, फक्त मागची व्हायोलिनं ऐका. गाणं संपलं की मग मतं घ्या.