"मला रात्रीच कळायला हवं होतं"

पाळीव प्राणी गेल्यावर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसं सुरुवात कुठूनही करोत, गाडी याच वाक्यावर येऊन थांबते. सशाच्या बाबतीत तर हमखास. म्हणून हा एक अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

पंचविशीतली मुलगी. पाच वर्षं सांभाळलेला भुऱ्या एका दिवसात गेला. रात्री खाल्लं नाही, सकाळी डॉक्टरांकडे नेलं, संध्याकाळी सगळं संपलं. घरचे म्हणाले, "ससाच तर होता, दुसरा आणू." त्यामुळे घरी रडायची चोरी. पहिल्या दोन भेटींत ती माझ्यासमोर नुसती रडली. समाज ज्याला दुःख म्हणून मोजतच नाही अशा शोकाबद्दल शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली लिहून ठेवलंय. घरोघरी ते अजून पोचलेलं नाही.

तिसऱ्या भेटीत रडणं थांबलं आणि आरोपपत्र सुरू झालं. "मॅडम, मीच मारलं त्याला."

अशा वेळी 'छे गं, तुझा काय दोष' असं मी म्हणत नाही. ते कुणीतरी आधीच म्हणून झालेलं असतं, आणि पटलेलं नसतं.

"त्या रात्री तुला काय दिसलं? डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते नको."

"कोपऱ्यात अंग आक्रसून बसला होता. पाला पुढे केला तर तोंड फिरवलं. लेंड्याही कमी होत्या."

"काय वाटलं तुला?"

"दिवसभर घरात गोंगाट होता. वाटलं, दमलाय."

"मग काय केलंस?"

"दिवा मालवला. टीव्ही बंद करायला लावला. त्याला झोप लागावी म्हणून..."

हातातल्या रुमालाची घडी तिने उलगडली, परत घातली, परत उलगडली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी त्याची काळजीच घेत होते."

मी गप्प बसले. इतक्या वर्षांत हे एक मात्र मला नीट जमायला लागलंय.

दुसऱ्या दिवशी मिळालेली माहिती घेऊन ती आदल्या रात्रीच्या स्वतःला जाब विचारत होती. 'असंच व्हायला हवं होतं' या हट्टातून माणूस स्वतःला छळतो, असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस; मी त्यांच्या वाटेने जाणारी. 'कळायलाच हवं होतं' मधल्या 'च'शी माझं जुनं भांडण आहे. कळलं असतं तर बरं झालं असतं, हे खरंच. ते दुखणारच. पण त्यावरून 'मी वाईट' हे कसं सिद्ध होतं?

आता सशाबद्दल. तो शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच असतं. आतडं मंदावलं की तो खात नाही, आणि खात नाही म्हणून ते आणखी मंदावतं. दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर सकाळची वाट पाहू नका, सशांवर उपचार करणारा डॉक्टर तेव्हाच गाठा. हे पुढच्या सशासाठी लक्षात ठेवा. गेलेल्याच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरू नका. जोडीदार ससा मागे राहिला असेल तर त्याला देहाजवळ थोडा वेळ बसू द्या आणि त्याच्या खाण्यावर नजर ठेवा. लहान मुलांना 'तो झोपलाय' सांगू नका, त्यांना झोपेचीच भीती बसू शकते. 'मेला' हा शब्द वापरा. आणि आठवडे उलटले तरी झोप-जेवण रुळावर येत नसेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर एकट्याने रेटू नका, तज्ज्ञाकडे जा.

शेवटच्या भेटीत उठता उठता ती म्हणाली, "गवताची अर्धी पिशवी अजून तशीच आहे. आई टाकून दे म्हणते."

"तुला काय वाटतं?"

"वास येतो त्या गवताला छान. राहू दे अजून थोडे दिवस."