विजेचा झटका आणि पेशीचे पटल

प्रश्न : महाविद्यालयातील प्रात्यक्षिकात विजेचा झटका देऊन ई. कोलाय जिवाणूंमध्ये डीएनए घालून दाखवला. एवढ्या विजेने जिवाणू मरत कसे नाहीत? आमच्या गटाच्या वेळी मात्र ‘फट्’ असा आवाज होऊन प्रयोग का वाया गेला?

उत्तर : जिवाणू मरतात, पुष्कळ मरतात, पण थेंबभर द्रावातही ते अब्जावधी असल्यामुळे उरलेले पुरेसे ठरतात. पेशीपटल म्हणजे सुमारे 5 नॅनोमीटर जाडीचा स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. त्याच्या दोन्ही बाजूंमधील विद्युतदाब 1 व्होल्टच्या आसपास पोहोचला, की ते रेणू सरकून पाण्याने भरलेली सूक्ष्म छिद्रे पडतात आणि एरवी बाहेरच अडणारा डीएनए आत शिरू शकतो. झटका काही मिलिसेकंदांचाच असल्याने छिद्रे पुन्हा बुजू शकतात. याच तत्त्वाने 1982 मध्ये एबरहार्ड नॉयमान व सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींत जनुक घातले होते.

तुमच्या क्युव्हेटमधील (झटका देण्यासाठी जिवाणूंचा द्राव ज्या छोट्या कुपीत भरतात, तिच्यातील) ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत 1 मिलिमीटर अंतर असेल, तर साधारण 1800 व्होल्ट देतात. अशा वेळी द्रावात क्षार राहिले, तर वीज एकदम त्यातून धावते, ठिणगी पडते आणि तोच तो आवाज. म्हणून जिवाणू बर्फगार शुद्ध पाण्याने आणि 10 टक्के ग्लिसरॉलने पुन्हा पुन्हा धुवावेत, डीएनएचे द्रावणही क्षारमुक्त असावे. झटक्यानंतर क्षणाचाही विलंब न लावता पोषक द्राव घालून, 37 अंश सेल्सिअसला तासभर त्यांना सावरू द्यावे. घाईत नेमकी हीच पायरी विद्यार्थी गाळतात, याचे मला फार वाईट वाटते.