शेतकऱ्याची बायको करते काय? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही मोबाईलवर अमेरिकेतल्या शेतीचे व्हिडिओ बघतो. मैलच्या मैल मका, आणि एकच माणूस एसी केबिनमध्ये बसून सगळा कापून काढतो. बाई कुठंच दिसत नाही. तिकडं शेतकऱ्याची बायको करते तरी काय? आणि जमिनीवर तिचं नाव असतं का? आमचं चार एकर आहे, कापूस वेचून वेचून माझी बोटं फाटली, पण सातबाऱ्यावर मी नाही, म्हणून विचारते.
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : काकू, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला आमच्या शेजारच्या आजीच आठवल्या. मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बावीस वर्षं राहते, घरामागचं कुंपण संपलं की मका-सोयाबीनचं रान सुरू होतं आणि त्या रानाच्या मालकीणबाई म्हणजे या आजी, आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्या घरी माझं इतकं जाणं-येणं आहे की काय काय कामं असतात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

व्हिडिओतला माणूस एकटा दिसतो पण तो एकटा नसतो. ऑक्टोबरात सुगी लागली की आजींची सून दिवसभर गावातल्या दवाखान्यात नर्सची ड्युटी करते, पाचला घरी येते, कपडे बदलते आणि ट्रॅक्टरवर चढते. कापणीचं मशीन चालूच असतं, थांबत नाही, तिनं ट्रॅक्टरला जोडलेली धान्याची गाडी त्याच्या बरोबरीनं तेवढ्याच स्पीडनं चालवायची, वरून मका पडत असतो, जरा पुढंमागं झालं की दाणे जमिनीवर. रात्री दहा-अकरापर्यंत हे चालतं. त्याच्या आधी आजी पिकअप घेऊन बांधावर जेवण नेतात, मागची फळी खाली पाडली की तेच टेबल, फॉइलमध्ये गुंडाळलेले सँडविच, थर्मासात कॉफी, माणसं उभ्या उभ्या खातात आणि परत मशीनवर. पट्टा तुटला, बेअरिंग गेलं की चाळीस मैलांवरून पार्ट आणायला कोण पळतं, तर सूनच. बँकेचं पीककर्ज, पीकविमा, हिशोबाची वही, ते पण तिच्याकडेच. आणि तिची नर्सची नोकरी हौस म्हणून नाहीये, इथं आजारपणाचा विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो, शेतकऱ्याला तो स्वतः विकत घ्यायचा म्हटलं तर कंबर मोडते, म्हणून घरातलं एक माणूस बाहेर कामाला जातं आणि ते बहुतेक वेळा बायकोच असते. १९८१ नंतरच्या पाच-सहा वर्षांत आयोवात जमिनीचे भाव निम्म्याच्याही खाली गेले, कर्जाचं व्याज आभाळाला टेकलं होतं, कितीतरी शेतं लिलावात गेली, तेव्हा अशा खूप बायकांच्या पगारावर घरं तगली.

आता नावाचं सांगते. आजींच्या आईच्या काळात अंड्यांचे आणि सायीचे पैसे बायकोचे असायचे. शनिवारी गावात जायचं, अंडी-साय विकायची आणि त्यात आठवड्याचा किराणा, मुलांचे बूट, कापड घ्यायचं. कोंबड्यांच्या खाद्याची पोती पण तेव्हा फुलाफुलांच्या छापील कापडाची यायची, त्याचे फ्रॉक शिवायचे. आईची निळी वही आजींनी मला दाखवली, पेन्सिलीनं लिहिलेलं, किती डझन अंडी गेली, त्यात काय आलं, मधेच एका पानावर नुसतं ‘धाकटीचे बूट’ आणि पुढं रक्कम. आता बघा, किराणा अंड्यांवर चालला म्हणून मक्याचे पैसे मोकळे राहिले, आणि त्या पैशात जमिनीचा हप्ता गेला. म्हणजे जमीन दोघांनी मिळून घेतली की नाही? सातबाऱ्यासारख्या त्यांच्या कागदावर नाव पण दोघांचं होतं.

१९७४ साली आजींचे वडील गेले. तेव्हा तिथल्या वारसाकराचा नियम असा होता की जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर असली तरी नवरा गेला की सगळीच त्याची धरायची आणि त्यावर कर लावायचा, बायकोनं स्वतःचा पैसा घातल्याचा पुरावा दिला तरच तिचा वाटा वेगळा. आईनं ती निळी वही पुढं केली. वकील म्हणाले, यात किराणा दिसतो, बूट दिसतात, जमीन कुठं दिसते? चाळीस वर्षं गाईंची धार काढली त्याची पावती कोण देणार! कर भरायला आईला कर्ज काढावं लागलं. हे सांगताना आजींचा आवाज अजून चढतो, आणि मला पण राग येतो, खरंच येतो. असं हजारो घरांत झालं, शेतकरी बायकांनी आवाज उठवला, नियम थोडा थोडा सैल होत गेला आणि १९८१ च्या कायद्यानं नवऱ्याकडून बायकोकडं येणाऱ्या इस्टेटीवरचा हा केंद्राचा कर गेला.

सरकारच्या मोजणीत पण तेच. अमेरिकेत शेतीची वेगळी गणना होते, त्यात शेत चालवणारा बाई की पुरुष हे १९७८ पर्यंत विचारतच नव्हते, आणि २००२ पर्यंत एका शेताला एकच चालक लिहायचे, म्हणजे कोण ते कळलंच. २०१७ ला एका शेतावर चार जणांपर्यंतची माहिती घेतली, तेव्हा ३६ टक्के बायका निघाल्या. त्या काय त्या वर्षी आकाशातून पडल्या नव्हत्या, काकू.

म्हणून तुमच्या चार एकराबद्दल कळकळीनं सांगते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली होती, बायकोच्या कष्टाचं ऋण म्हणून जमीन तिच्या नावावर करा असं गावोगाव सांगितलं. त्याच नावानं १९९२ पासून सरकारची योजना आहे, नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तलाठ्याकडं जाऊन ‘लक्ष्मी मुक्ती’ हाच शब्द वापरून विचारा. काकांशी भांडण न करता, पण या दिवाळीच्या आत बोला. आणि वेचणीची वही ठेवत असाल तर जपून ठेवा.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचं लग्न नेब्रास्कातल्या शेतकरी कुटुंबात ठरतंय. तिथं लांब लांब घरं असतात म्हणे, ती एकटी नाही का पडणार?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पडेल, सुरुवातीला नक्की पडेल, खोटं कशाला सांगू. इकडं बऱ्याच भागात रस्ते मैलामैलावर चौकोन पाडून आखलेत, एका चौकोनात ६४० एकर, पूर्वी त्यात चार-पाच घरं तरी असायची, आता शेतं मोठी झाली आणि घरं रिकामी. हिवाळ्यात खडीच्या रस्त्यावर बर्फ साचला की दोन-दोन दिवस कुणी दिसत नाही. जुन्या बायकांनी यावर रेडिओ शोधला होता. आयोवात शेनांडोआ नावाचं छोटं गाव आहे, तिथून लिआना ड्रिफ्टमायर या बाई १९२६ पासून रेडिओवर बोलायच्या, पाककृती, मुलांची आजारपणं, घरातल्या साध्या गोष्टी, पुढं तर स्वतःच्या घरूनच. अशा बायकांना रेडिओ होममेकर म्हणायचे. आजी सांगतात, आई इस्त्री करताना तो कार्यक्रम लावायची आणि मधेच रेडिओला उत्तर पण द्यायची.

मैत्रिणीला सांग, चर्चला जायचं नसलं तरी तिथल्या जेवणाला जा, मुलं झाली की फोर-एच नावाच्या मुलांच्या क्लबमध्ये घाल, काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, जत्रेत काहीतरी घेऊन जा, लोणचं पण चालेल, त्याला बक्षिसं असतात. आणि स्वतःचं ड्रायव्हिंग लायसन्स आधी काढ, गाडी नसेल तर तिथं पाय नाहीत.

१० ऑगस्ट २०२० ला इथं वादळ आलं, उभा मका झोपला, वीज कितीतरी दिवस नव्हती. तिसऱ्या दिवशी आजींनी अंगणात शेगडी मांडली, फ्रीजरमधलं मांस खराब व्हायच्या आत शिजवायला घेतलं आणि आसपासच्या सगळ्यांना बोलावलं. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्यासाठी एका वेगळ्या पातेल्यात मक्याची कणसं उकडून, वर झाकण ठेवून, बाजूला काढली होती.