‘आता डोक्यात काही शिरत नाही’

“पंचावन्नाव्या वर्षी नवीन काही डोक्यात शिरत नाही. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊ का?” पन्नाशी ओलांडलेले अनेकजण हाच प्रश्न घेऊन सल्ल्यासाठी येतात. भोसरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये २७ वर्षं काढलेले हे गृहस्थही तोच घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रजिस्टर आणि बिन कार्ड (मालाच्या खणावरचं नोंदीचं कार्ड) जाऊन ईआरपी, म्हणजे या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली, आली होती. प्रशिक्षण एका शनिवारी, तीन तास, प्रोजेक्टरवर. पुढे इनवर्डच्या, म्हणजे आत येणाऱ्या मालाच्या, नोंदी चुकू लागल्या, तेव्हा मॅनेजरने ते काम एका तरुणाकडे देऊन यांना गेटपासवर बसवलं.

व्हीआरएसचा विषय आधी बाजूला ठेवला. फिनलंडमध्ये तयार झालेल्या कार्यक्षमता निर्देशांकातला पहिलाच प्रश्न अशा वेळी उपयोगी पडतो: उमेदीच्या काळातल्या सर्वोत्तम कार्यक्षमतेला १० गुण दिले, तर आज किती? ते म्हणाले, ४. मग तोच प्रश्न एकेका कामाबद्दल विचारला. माल मोजून-पारखून घेणं ९, पुरवठादाराशी बोलणं ९, संगणक २.

चुकलेल्या नोंदी समोर ठेवल्या, तर आयटम कोडमध्ये एट आणि बी, झीरो आणि ओ यांची अदलाबदल. बायफोकल चष्म्याचा खालचा भाग साधारण ४० सेंटिमीटरवरच्या वाचनासाठी असतो. स्क्रीन होता ६०-६५ सेंटिमीटरवर. मान मागे टाकूनही अक्षर पुसटच, आणि दुपारपर्यंत मान धरायची. संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला, स्क्रीनवरचा मजकूर १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला. बऱ्याच चुका तिथेच थांबल्या. नजर न तपासता कुणाच्या बुद्धीवर शेरा मारणं अन्यायाचंच आहे.

मग सराव. रोज सकाळी २० मिनिटं, घोळक्यापासून दूर, चाचणीच्या डेटाबेसवर. चुकलं तरी खरा स्टॉक हलत नाही. एका वेळी एकच व्यवहार, आधी फक्त जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद. पायऱ्या स्वतःच्या वहीत, स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. दुसऱ्या दिवशी आधी वही मिटून कालचं आठवायचं. सलग तीन दिवस दहा-दहा नोंदी बिनचूक झाल्या की पुढचा व्यवहार. तरी पहिला आठवडा वाया गेला, कारण शिकवणारा मुलगा “काका, द्या इकडे” म्हणत माऊस घ्यायचा. नुसतं बघून हाताला वळण लागत नाही. शिकवणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही, असं ठरल्यावर काम पुढे सरकलं.

त्यांच्या संमतीने मॅनेजरशीही बोलणं झालं. कोणत्या पुरवठादाराच्या पेटीत बोल्ट कमी निघतात, हे त्यांना तोंडपाठ. त्या तरुणाला याचा पत्ताच नव्हता. गेटपासचं काम काढून घेऊन त्यांच्याकडे स्टॉक तपासणी दिली, हाताखाली तोच मुलगा. त्या आठवड्यापासून ते पुन्हा वेळेआधी येऊ लागले.

एक खबरदारी मात्र हवीच: वर्षानुवर्षांची सवयीची कामं किंवा ओळखीचे रस्तेही चुकू लागले, तर सरावात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावं.

दोन महिन्यांनी जीआरएन ते एकटे करतात. वेग त्या मुलाच्या निम्मा आहे, आउटवर्ड अजून शिकायचं आहे. संगणकाला ते आता ६ गुण देतात.