निपाणीच्या दादांना: काम जरूर करा, पण आधी घरच्या टाचा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाच वर्षांचा मुलगा, दोन महिन्यांपूर्वी ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं (मुलग्यांचे स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराचं) निदान, आणि आता 'अशा पालकांसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?' २०१७ साली मी हेच विचारत फिरत होते. सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी) काय, एमएलपीए (जनुकाची तपासणी) कशासाठी, हे एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल, म्हणून ते सोडते. मी डॉक्टर नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली एक आई म्हणून सांगते.

आधी माझी चूक. निदान झाल्यावर मला घरात बसवत नव्हतं. कुठं शिबिर आहे म्हटलं की मी निघाले. लोंढ्याकडं कुणाचं पोर पडतंय, नंदगडला कुणाला रिपोर्ट वाचून हवाय, जांबोटीला कुणाला बंगळूरला कसं जायचं ते सांगायचंय. लोक हात जोडायचे, बरं वाटायचं. आणि घरी माझ्या मुलाच्या टाचा ताणायचं काम कधी सासूबाईंवर, कधी 'उद्या बघू' वर जायचं. फिजिओबाईंनी सांगितलं होतं, रोज दोन्ही पाय, सकाळ-संध्याकाळ, चुकवायचं नाही. टाच ताणलेली राहावी म्हणून रात्री बांधायचे स्प्लिंटही तो रडायचा म्हणून आठवड्यातून दोन-तीनदाच बांधले जायचे.

एका रविवारी शिबिराहून दुपारी परतले. तो नुकताच आंघोळ करून ओल्या पायांनी न्हाणीतून बाहेर आला होता. शहाबादी फरशीवर त्याची पावलं उमटली होती. बोटं होती, चवडा होता, टाच नव्हती. न्हाणीपासून देवघरापर्यंत एकाही पावलाला टाच नव्हती. मी तिथंच खाली बसले. सात-आठ महिन्यांत टाचेमागची शीर आखडली होती आणि मला पत्ता नव्हता. त्या सात-आठ महिन्यांत मी दुसऱ्यांच्या किती मुलांच्या टाचा हातात धरून बघितल्या होत्या!

फिजिओबाई म्हणाल्या, आजार पुढं जाणारच होता, सगळा दोष स्वतःवर घेऊ नका. ते खरं आहे. पण तो ताठरपणा तेव्हा यायला नको होता, हे मी आजही मानते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, कुणाला पटो न पटो: पहिलं वर्ष कुठलीही संस्था काढू नका, ग्रुप चालवू नका. महिन्यातून एक दिवस ठरवा, तोही घरचं वेळापत्रक भिंतीवर लावून झाल्यावर. हृदयाचा एको आणि श्वासाची तपासणी यांच्या तारखा त्यात आधी लिहा.

आता काम कुठलं करावं? आपल्या भागात सगळ्यात जास्त अडतं ते भाषेवर. रिपोर्ट इंग्रजीत, अर्ज कन्नडात, घरात मराठी. मी आता एवढंच करते. एका वहीत मराठीत लिहून देते: मुलाला काय आहे, कुठली गोळी कधी, पुढं कुठं जायचं. स्टेरॉईड चालू असेल तर मोठ्या अक्षरांत लिहिते, 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय अचानक बंद करू नये.' त्यापलीकडं औषधाबद्दल एक शब्द बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. लोक 'तुमच्या पोराला काय देता?' म्हणून विचारतातच.

दुसरं, अंगणवाडीच्या बाईंना भेटा. मांडीवर हात टेकत उठणारा, जिन्यावर मागं राहणारा मुलगा दिसला तर सीपीके करून घ्या म्हणावं. या मुलांचं एसजीपीटी (काविळीत रक्तात तपासतात ते) स्नायूंमुळं वाढलेलं असतं आणि घरचे लोक काविळीच्या औषधामागं महिनेच्या महिने घालवतात. आमचेही पाच महिने त्यातच गेले.

कुणाच्या घरी गेलात तर सासरच्या माणसांसमोर 'हे आईकडून येतं' असं कधीही बोलू नका. साधारण तीनातल्या दोन आया वाहक असतात (बिघडलेलं जनुक त्यांच्यात असतं), एक नसते, आणि कुठलीच दोषी नसते. मावशीची, बहिणीची तपासणी करायची हा विषय आईशी एकटीशी, वहिनींनी बोलावा. एका घरात मी हे चारचौघांत बोलून बसले. ती बाई नंतर दोन महिने माहेरी होती.

अपंगत्वाच्या दाखल्याच्या कागदपत्रांबद्दल चीड येते. एका कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, मुलाला कडेवर घेऊन तीन वेळा चढले. तिसऱ्यांदा ऐकलं, 'चालतंय की हे, मग कसलं अपंग?' २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे. कायद्याचं ते पान छापून बरोबर न्या. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) देशभर चालतं, कोल्हापुरातही.

मदतीचं म्हणाल तर २०२१ चं दुर्मीळ आजार धोरण आहे, ड्युशेन त्यात तिसऱ्या, म्हणजे खूप महागड्या उपचारांच्या, गटात येतो. २०२२ मध्ये उपचारासाठीच्या मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत नेली. पण पैसे पालकांच्या खात्यात येत नाहीत, नेमून दिलेल्या केंद्रामार्फतच सगळं होतं. आपल्याला बंगळूरचं केंद्र पडतं. तेव्हा कुणाला 'सरकार ५० लाख देतं' असं सांगत सुटू नका, लोक आशेवर राहतात. मुलाचा फोटो आणि रिपोर्ट देणगीसाठी व्हॉट्सॲपवर फिरवायचा तर अजिबात नाही. तो मोठा होऊन ते वाचणार आहे.

बंगळूरला जायला राणी चन्नम्मा एक्सप्रेस बरी पडते, रात्री बसलं की सकाळी पोचतो. खालचा बर्थ मिळेल असं बघून तिकीट काढा. फाईलच्या दोन झेरॉक्स ठेवा, एक नेहमी घरी.

माझा मुलगा आता चौदाचा आहे, व्हीलचेअरवर असतो, बुद्धिबळात मला हरवतो. वही कशी लिहायची ते बघायला या, फाईल आणा. फक्त सकाळी साडेआठनंतर या, त्याआधी आमचं टाचांचं काम चालू असतं.