गोल्फ क्लबचे नवीन मेंबर झालात? आधी स्टार्टरशी ओळख करा

मेंबरशिप मिळाली ना? मग रेस्टॉरंटच्या आधी कॅडी मास्टर (बॅग उचलणाऱ्या कॅडींचा प्रमुख) आणि स्टार्टर (ठरलेल्या वेळी खेळाडूंना खेळायला सोडणारा) यांच्याशी ओळख करून घ्या. गर्दीच्या सकाळी कुठला टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, रिकामा झालाय, हे त्यांनाच आधी कळतं. बॅग स्टोरेज घेणार असाल तर बॅग देताना-घेताना क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, मोजा. राउंडला जास्तीत जास्त 14 चालतात, आणि पुसून परत ठेवताना एखादी वेज (जवळच्या उंच फटक्याची काठी) दुसऱ्याच्या बॅगेत सहज जाते. शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, नावाचं स्टिकर लावलंत तर ती परत तरी येईल.

हँडिकॅप, म्हणजे तुमचा खेळ किती कच्चा आहे ते दाखवणारा आकडा, लगेच काढून घ्या. 2020 पासूनच्या जागतिक पद्धतीत 54 होल्सचे स्कोअर दिले की हा आकडा, म्हणजे इंडेक्स, मिळतो. तो 54.0 पर्यंत असू शकतो, तेव्हा लाजू नका!

खाण्यापिण्याची किमान रक्कम ठरलेली आहे का, ते विचारा. असेल तर काही खाल्लं नाहीत तरी भरावी लागते. पाहुण्यांची फी सहसा तुमच्याच खात्यावर पडते, आणि त्यांच्या बिनकॉलरच्या टी-शर्टबद्दल बोलणीही तुम्हालाच बसतात. जिम, स्पा वगैरे ठीक आहे. संलग्न क्लबांची यादी मात्र ऑफिसातून मागून घ्या. तिथे खेळायला जाताना बरेचदा आपल्या क्लबचं परिचयपत्र लागतं.