चोडणच्या कांदळवनात कयाकमधून एक दिवस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे दाम्पत्य असून दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत. येत्या हिवाळ्यात गोव्याला जाण्याचा बेत आहे. समुद्रकिनारे पूर्वी पाहून झाले असल्यामुळे यावेळी एक पूर्ण दिवस चोडण बेटाच्या कांदळवनात कयाकमधून (वल्ह्याने चालवायच्या छोट्या, अरुंद होडीतून) पक्षी-प्राणी पाहत घालवावा, असे माझ्या यजमानांच्या मनात आहे. त्यांना पक्षिनिरीक्षणाची आवड आहे. मला मात्र पोहता येत नाही, आणि त्या भागात मगरी असल्याचेही ऐकले आहे. दिवस कसा ठरवावा आणि काय पाहावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या यजमानांनी जागा उत्तम निवडली आहे. चोडणच्या पश्चिम टोकाला, जिथे म्हापसा नदी मांडवीला मिळते, तिथे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर आहे, त्यामुळे एका दिवसात ते मनासारखे पाहता येते. पणजीहून रायबंदरला यावे आणि तिथून फेरीबोटीने चोडणला उतरावे. अभयारण्याच्या हद्दीत शिरण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. ती आपल्याला कयाक देणारा वाटाड्या काढतो की आपणच काढायची, हे आधी विचारून घ्यावे. पहिल्या खेपेला वाटाड्याशिवाय जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कांदळवनातल्या चिंचोळ्या वाटा एकमेकींसारख्या दिसतात आणि पाणी उतरू लागले की त्यांचे रूप तासाभरात पालटते.

हॉटेल किंवा गाडी ठरवण्यापूर्वी तिथी पाहावी, कारण या दिवसाचे सारे वेळापत्रक भरती-ओहोटीच्या हाती असते. कोकणात जुना ठोकताळा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ तासांत मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास; पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात अंक पुन्हा प्रतिपदेपासून मोजावा. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून दिवस नक्की करताना मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते जरूर पाहावेत. तरीही घरबसल्या बेत आखायला हा ठोकताळा पुरेसा आहे, आणि त्यावरून आपल्यासाठी दशमी-एकादशीची सकाळ सर्वांत सोयीची ठरते. एकादशीला भरती सव्वाआठच्या आसपास पूर्ण होते, म्हणजे पावणेसातला पाण्यात उतरलात तर चढते पाणी आपल्याला हलकेच आत घेऊन जाते. शिवाय हे दिवस उधाणाचे नसून भांगाचे असतात. त्या वेळी पाण्याची चढ-उतार कमी आणि ओढही मवाळ असते. पोहता न येणाऱ्या माणसाने अमावास्या-पौर्णिमेचे दिवस टाळून हेच दिवस निवडावेत.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही, हेही ध्यानात असावे. पहिल्या तासात ते अगदी थोडे हलते आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे उतरून जाते. म्हणून भरती पूर्ण होताच लगेच घाई करण्याचे कारण नसते, पण साडेनऊच्या सुमारास मात्र चिंचोळ्या वाटांतून बाहेर पडून रुंद पात्रात आलेले असावे. मागे राहिलेली कयाक चिखलात रुतते, आणि कांदळवनाच्या चिखलात उतरून ती ढकलणे हे नवख्याचे काम नव्हे. सकाळ निवडण्याचे दुसरे कारण वारा आहे. दुपारी समुद्राकडून येणारा वारा मांडवीत बराच जोर धरतो आणि त्याच्या विरुद्ध वल्हवताना खांदे भरून येतात.

आता आपल्या भीतीविषयी. लाइफ जॅकेट आपल्या मापाचे मागून घ्यावे, सगळे पट्टे आवळावेत आणि मग कोणाला तरी ते दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावे. ते हनुवटीपर्यंत सरकत असेल तर सैल आहे. क्वचित पाण्यात पडलातच तर कयाकला धरून राहावे, तळाला पाय टेकवून उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पायांत बंद बूट हवेत, कारण मुळांना आणि दगडांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्या धारदार असतात. मोठ्या पात्रात बार्ज किंवा फेरीबोट जवळून गेली की तिच्या लाटेला कयाकची बाजू न देता नाक द्यावे. दोघांच्या कयाकमध्ये वजनाने हलक्या व्यक्तीने पुढे बसावे. वल्ह्याची लय पुढच्याने ठरवावी, मागच्याने ती पाळावी आणि दिशा सांभाळावी. बहुधा पुढची जागा आपली असेल. ती घेण्यास कचरू नये, कारण सगळ्यात आधी दिसते ते तिथूनच.

मगरी आहेत, हे खरे आहे. त्यांचे ठाऊक असलेले ठिकाण म्हणजे मांडवी आणि झुवारी यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा. हिवाळ्यातल्या सकाळी त्या अंग तापवण्यासाठी चिखलाच्या काठावर पडून असतात. तिकडे कयाक नेऊ नये. मगर पाहण्याची इच्छा असेल तर वेगळ्या दिवशी जाणत्या नाखव्याच्या मोठ्या बोटीतून जावे. कांदळवनात वल्हवतानाही हातपाय पाण्यात सोडून बसू नये, आणि वाटाड्याने एखादी वाट नको म्हटले तर तिचा आग्रह धरू नये.

काय पाहावे, याला मात्र अंत नाही. आत शिरल्यावर वल्ही मांडीवर आडवी ठेवून कयाक पाण्याबरोबर वाहू द्यावी. वल्ह्याचा आवाज थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत वन पुन्हा आपापल्या कामाला लागते. तिवराच्या झाडाजवळून जाताना एखादे पान तिरप्या उन्हात नीट पाहावे. त्याच्या पृष्ठभागावर बारीक चकचकीत कण दिसतात. ते मीठ आहे. खाऱ्या पाण्यातून मुळांवाटे आलेले जादा मीठ तिवर पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली बोटभर उंचीची मुळे म्हणजे त्याची श्वासाची सोय, कारण त्या चिखलात हवा जवळजवळ नसते. कांदळाची रीत वेगळी आहे. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि हिरव्या लांब शेंगेसारखे लोंबकळत राहते, मग गळून चिखलात उभे रुतते किंवा पाण्याबरोबर दूर जाऊन रुजते. कोणत्याही झाडाची फांदी मात्र मोडू नये. इथल्या हुरा नावाच्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर फार दाह होतो.

पक्ष्यांत मी आपल्याला विशेष करून धीवर शोधायला सांगेन. नेहमीचा खंड्या आणि छोटा धीवर दिसतीलच, पण गळ्याभोवती पांढरी पट्टी असलेला निळसर-हिरवा धीवर हा कांदळवनाचाच रहिवासी आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो मोजक्याच ठिकाणी आढळतो आणि चोडण त्यांपैकी एक आहे. ब्राह्मणी घारी डोक्यावर असतातच. मत्स्यगरुड हा हिवाळी पाहुणा एखाद्या वाळक्या खांबावर मासा पंजात धरून बसलेला दिसू शकतो. ओहोटीने चिखल उघडा पडू लागला की तुतवार, कोरल आणि बगळे तिथे उतरतात. त्याच चिखलावर नर खेकडे आपली एकच मोठी नांगी वरखाली हलवून मादीला बोलावत असतात, आणि निवट्या हे चिखलात वावरणारे मासे कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवून, ओल्या त्वचेतूनही श्वास घेत, परांच्या आधाराने सरकत असतात. पाणमांजर दिसणे हा नशिबाचा भाग आहे. तरी काठावर माशांचे खवले भरलेली विष्ठा किंवा चिखलात पडदा असलेल्या पंजांचे ठसे दिसले, तर पाणमांजरांचे कुटुंब इथून गेले आहे असे समजावे, आणि तिथे थोडे अधिक थांबावे.

दुपारी चोडण गावात जेवून खाजणाच्या बांधावर चालत जावे. खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखण्यासाठी घातलेले हे बांध आणि त्यांतली ‘मानस’ नावाची झडप पाहण्यासारखी आहे : भरतीचे पाणी बाहेरून दाबले की ती आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. एकादशीला ओहोटी दोन-सव्वादोनला पूर्ण होते, म्हणून दुपारी बांधावरून दुर्बिणीने पाहिलेला चिखल पक्ष्यांनी भरलेला असतो, आणि तेही त्यांना न उठवता पाहता येतात.

प्रश्न : कांदळवनात पक्षी जवळ यावेत म्हणून मोबाइलवर त्यांचे आवाज लावतात. हे योग्य आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर आला, असे समजून पक्षी खाणे किंवा पिलांना भरवणे सोडून धावून येतो. चिखलावरचे स्थलांतरित पक्षी तर ओहोटीच्या थोड्या तासांतच पोट भरतात. त्यांना एकदा उठवले की तेवढे अन्न बुडते. मान उंचावून पक्षी आपल्याकडे टक लावून पाहू लागला, की आपण जास्त जवळ आलो आहोत हे ओळखून वल्हे थांबवावे आणि कयाक मागे जाऊ द्यावी.

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो आणि वय झाल्याने कयाक जमणार नाही. असे काही जवळपास पाहता येईल का? – एक ज्येष्ठ दाम्पत्य, ठाणे

उत्तर : आपल्या दाराशीच आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून तिथे बोटीने जाता येते. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे असतात; बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, म्हणून आधी विचारून नोंदणी करावी. पुढे कधी सिंधुदुर्गात जाणे झाले, तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या बचतगटाची वल्ह्याच्या होडीतली कांदळवन सफर अवश्य करावी. तिथे वल्हे त्या भगिनींच्या हाती असते आणि आपल्याला फक्त बसून पाहायचे असते.